लाईट लागलाय, अमोलला सांगू नका

रोज त्याच रस्त्यानं अप-डाऊन करणाऱ्या माणसाकडं सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. मी म्हणतो, एक महिना परभणी-येलदरी करून बघा, तेही वाघमारे मॅडमच्या गाडीत. ही गाडी गॅरेजमधून आली की एक नवा किस्सा घेऊनच येते. जुनं दुखणं बरं होतं आणि समोर नवा लाईट लागतो. सांगायला बसलो तर चहा गार होतो, किस्से संपत नाहीत.

गाडीत आम्ही तिघं. मॅडम येलदरीच्या शाळेवर. शेख सर जिंतूरला गणित शिकवतात, ते मध्येच उतरतात. मी धरणाच्या ऑफिसात क्लार्क, मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. माझा जीव आधीच सशाचा. समोर काही पिवळं चमकलं की बाजूच्या सीटवर बसून माझाच पाय ब्रेक शोधायला लागतो.

पण खरी धास्ती मॅडमला. मिस्टर वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा अमोल पुण्यात कंपनीत. गुडघ्यांमुळं एसटी चढणं बंद झालंय, म्हणजे नोकरी आहे ती या गाडीच्या जोरावर. आणि अमोलनं ठणकावून सांगितलेलं, "आई, गाडीनं एकदा जरी त्रास दिला तर ती विकायची, नोकरी सोडायची आणि पुण्याला यायचं." मॅडमला पुण्याला जायचं नाही. "तिथं काय करू? बाराव्या मजल्यावरून खाली बघत बसू?"

म्हणून लाईट लागला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "अमोलला सांगू नका."

*

एकदा बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगचा लाईट. झरीला गाडी कडेला घेऊन दत्ता मिस्त्रीला फोन लावला. दत्ताचं पहिलं औषध एकच, "काई होत नसतंय."

"काई होत नसतंय मॅडम. बॅटरी काढली की गाडी इसरती. गाडी चालू ठेवा, स्टेअरिंग पार डावीकडं फिरवा, मग पार उजवीकडं. दोन-चार बार करा."

मॅडम करायला लागल्या. गाडी जागेवर आणि पुढची चाकं एकदा शेताकडं, एकदा रस्त्याकडं. टपरीवरची माणसं चहा घेऊनच बघायला आली. मला कधी निघतोय असं झालेलं. एक म्हातारबाबा काचेपाशी वाकले आणि फार मायेनं म्हणाले, "बाई, कुणीकडं जायचंय ते घरूनच ठरवून निघत जा की."

थोडं पुढं गेल्यावर लाईट आपोआप गेला. मॅडमनी जिंतूरपर्यंत स्टेअरिंग नाकासमोर सरळ धरलं.

*

मग सीट कव्हर बसवले आणि एअरबॅगचा लाईट लागला. दत्ता पाथरीला लग्नात. फोनवर म्हणाला, "काई होत नसतंय. फकस्त ठोकली तर फुगा उघडायचा न्हाई."

झालं! पुढच्या सीटवर कुणी बसेना. शेख सर म्हणाले, "भाऊसाब, आप सीनियर हो, आगे बैठो." मी म्हटलं, सर, तुमचं वजन जास्त, गाडीला तोल राहतो. शेवटी दोघंही मागं. मॅडमला इलाजच नव्हता, त्यांना पुढंच बसावं लागणार.

बोरीच्या स्टँडपाशी गाडी हळू झाली तर एका काकांनी पुढचं दार उघडलं, पिशवी मांडीवर घेतली आणि बसले. "जिंतूर." मागं दोन माणसं, पुढची सीट रिकामी, त्यांना वाटलं काळीपिवळीच आहे. मॅडम भिडस्त. नाही म्हणवेना, निघाल्या.

थोड्या वेळानं काका म्हणाले, "बाई, समोर कायतरी जळायलंय. माणसाचं चित्र हाय, पोटापुढं फुगा."

"म्हणून तर ती सीट रिकामी होती, काका."

काकांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली ती जिंतूरपर्यंत सोडली नाही. पुढं कळलं, कव्हर घालताना सीटखालचा प्लग ढिला झालेला. दत्तानं हात घालून दाबला, एवढंच काम होतं.

*

एक किस्सा माझा. ब्रेकचं काम झालं तेव्हा मला काही चैन पडेना. म्हटलं, रविवारी पोखर्णीला नृसिंहापुढं गाडी नेऊ, नारळ फोडू. मॅडम यातलं काही मानत नाहीत. पण म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमाला झोप लागत असंल तर न्या."

मी मनोभावे पूजा केली. पुढं केली, मागं केली, हळदीकुंकवाचं पाणी शिंपडलं, वर अष्टगंधाचा जाड लेप. सोमवारी मॅडमनी रिव्हर्स टाकला आणि गाडी केकाटायला लागली. मागं कुत्रंसुद्धा नाही आणि गाडी म्हणते धडकतेय, धडकतेय. समोर लाईट लुकलुकतोय. मला दरदरून घाम.

दत्तानं ओल्या फडक्यानं मागचा बंपर पुसला. आवाज बंद. "भाऊसाहेब, देवाला गाडी दाखवा. सेन्सरला गंध लावू नका."

*

अमोलच्या धाडी मात्र अशाच अचानक पडायच्या. एकदा आम्ही जिंतूरच्या अलीकडं चहाला थांबलो होतो, तर त्याचा व्हिडिओ कॉल. "आई, डॅशबोर्ड दाखव." आणि नेमका फिल्टर बदलल्यापासून इंजिनचा लाईट जळत होता. फोनमध्ये दिसू नये म्हणून मी कपासकट खाली वाकलो, आणि गाडी माझी नव्हतीच.

मॅडमनी शांतपणे फोन समोर धरला आणि इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. झगमगाट! बॅटरी, तेल, ब्रेक, इंजिन, फुगा, सगळेच्या सगळे लाईट एकदम.

"आई! अगं हे काय?"

"चावी फिरवली की सगळेच लागत असतात. इंजिनिअर ना तू?"

त्यानं फोन ठेवल्यावर शेख सरांनी कपाळावर हात मारला, "मॅडम, आपने तो चोर को बारात में छुपा दिया."

हसलो सगळे. पण मॅडमनी चहाचा कप तसाच भरलेला परत दिला, ते मी बघितलं.

*

आणि मग अमोल स्वतः आला. रजा काढून. गाडी नांदेडला मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली, सगळं तपासून आणलं. समोर एकही लाईट नाही. "बघा भाऊसाहेब, काम असं करायचं असतं." दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगवर तोच. शेजारी शेख सर. आईला माझ्याबरोबर मागं बसवलं, "तू आराम कर."

बोरी ओलांडली आणि समोर इंजिनचा पिवळा लाईट लागला.

अमोलनं कडेला एका लिंबाखाली गाडी लावली, फोन केला. तिकडून हुकूम आला, गाडी हलवू नका, नांदेडहून टोइंगची गाडी पाठवतो. शेख सर म्हणाले, "बेटा, कालच काम झालंय, एखादा प्लग ढिला राहिला असंल. दत्ताला..."

"काका, प्लीज." मग आईकडं वळून म्हणाला, "आई, आता बस. गाडी इथूनच जाईल. तू राजीनामा लिही, मी महिनाअखेरीस तुला न्यायला येतो."

रोजचा रस्ता, रोजची माणसं, सगळं त्या लिंबाखालीच संपलं असं वाटलं.

मॅडमनी विचारलं, "गाडी गरम झालीय?"

"नाही."

"आवाज करायलीय? ओढ कमी झालीय?"

"नाही, पण आई..."

"बरं. तू बोल फोनवर."

रेंजसाठी अमोल रस्त्यानं पुढं चालत गेला आणि पाठमोरा उभा राहून लोकेशन सांगायला लागला. मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उतरल्या आणि पुढं स्टेअरिंगवर जाऊन बसल्या. चावी गाडीलाच होती. "भाऊसाहेब, तुमी जरा उतरा. ह्याच्यापाशी थांबा. माझ्या पोरांची आज चाचणी हाय."

मी उतरलो. त्यांना नाही म्हणायची माझी काय टाप! शेख सरांनी गुपचूप बेल्ट लावला. गाडी अमोलच्या शेजारून गेली, आणि त्यानं हात वर करेपर्यंत वळणापलीकडं दिसेनाशी झाली.

तो फोन हातात धरून तसाच उभा. मी त्याच्यापाशी जाऊन मागं लिंबाचा पाला बघत होतो. तेवढ्यात टोइंगवाल्याचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"साहेब, निघालो बघा. गाडी जागेवरच हाय ना?"

अमोलनं जिंतूरच्या रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "गाडी शाळेत गेली."