ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक

"विज्ञानकथा हव्यात," वाचनालयातल्या काकांना मी म्हटलं. "जुन्यापान्या चालतील. पण हसऱ्या हव्यात, घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचता येतील अशा. आणि शेवटपर्यंत कोणी मरायला नको."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुलीसाठी का?"

"बाबांसाठी."

मग त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जव्हारमध्ये बाबांना न ओळखणारा माणूस विरळाच. आयुष्यभर त्यांनी जव्हार-मोखाडा वाटेवर लाल बस चालवली. शिमग्याच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. तोंडातून मात्र 'हूं' एवढंच यायचं.

नाशिकला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. पहिले काही महिने महत्त्वाचे. याच दिवसांत त्यांनी बोलायची धडपड केली पाहिजे, पुढे अवघड होत जातं. रोज वाचून दाखवा, त्यांच्या आवडीचं. आणि त्यांचा शब्द अडला तर तुम्ही पुरा करू नका. हे शेवटचं मी घरी येऊन आईला चार वेळा सांगितलं, कारण आईनं लग्न झाल्यापासून बाबांचं एकही वाक्य त्यांना पुरं करू दिलेलं नाही.

सुरुवात पेपरनं केली. पहिल्याच पानावर अपघात, बाबा ओक्साबोक्शी रडले. या आजारात रडू लवकर फुटतं, त्याचं फार मनावर घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मनावर कसं घ्यायचं नाही? घाटात ब्रेक सैल झालेली गाडी शांतपणे डोंगराला टेकवून उभी करणारा माझा बाप! त्याला तसं रडताना मला बघवत नव्हतं. पेपर बंद केला.

विज्ञानकथा का, तर बाबांच्या सीटखाली कायम तसलं एखादं कोपरे दुमडलेलं पुस्तक असायचं. मोखाड्याच्या स्टँडवर गाडी लावली की ते वाचत बसायचे. ज्यात यंत्र आहे अशी कुठलीही गोष्ट त्यांना चाले.

बाबा मूळचे पोशेऱ्याचे. त्यांच्या घरात गोष्ट सांगणारा कधी एकटा सांगत नसे. समोरच्यानं वाक्यावाक्याला हूं द्यायचा. हूं थांबला की गोष्टही थांबली, मग ऐकणारा झोपला असो की रुसलेला असो. लहानपणी सांगणारे बाबा असायचे आणि हूं माझा. आता वाचन माझं आणि हूं त्यांचा. आजारानं त्यांच्यापाशी नेमका तोच एक आवाज ठेवला, म्हणून मी देवाचे आभारही मानले आणि भांडलेही.

पण पुस्तक मिळता मिळेना. जुन्या लेखकांना जग बुडवायची एवढी काय घाई होती, कोण जाणे. एकात धूमकेतू आदळतो, दुसऱ्यात साथ येते, तिसऱ्यात पृथ्वीवर एकच माणूस उरतो आणि तोही दुसऱ्या प्रकरणात आजारी पडतो. एक जरा बरं निघालं, तर यानात नायक-नायिका एकटेच अडकले. आई खोकत स्वयंपाकघरात निघून गेली आणि सहावीतली माझी लेक मात्र कान टवकारून बसली. तेव्हापासून मी ठरवलं, आधी आपण वाचायचं.

माझी नोकरी मोखाड्याच्या कचेरीत. रोजचा जीपचा प्रवास, तीच माझी परीक्षा घ्यायची जागा. जीपमध्ये मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसून मी पुस्तकं नापास करत जायची. शेवटी एक सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानं गायब, त्यामुळे कुणी लिहिलं ते कळायला मार्ग नाही. चंद्रावर राहायला गेलेलं एक एकत्र कुटुंब आणि त्यांच्याकडे घरकाम करणारा एक यंत्रमानव. तो सांगितलेलं शब्दशः ऐकतो. 'जरा बाळाकडे बघ' म्हटलं की दिवसभर बाळाकडे टक लावून बघत उभा. भाकऱ्या करतो त्या सगळ्या एका मापाच्या, कंपास लावून काढल्यासारख्या. जीपमध्ये मी एकटीच हसायला लागले.

शेजारी सूर्यमाळची एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "कसाला हसतंस गो बाय?"

मी तिला गोष्ट सांगितली. चंद्रावर पाणी नाही, ते दुरून आणावं लागतं, हेही सांगितलं.

"म्हंजे आमचे पाड्यावानीच हाय," ती म्हणाली. "मंग त्यो तुझा यंत्र पाणी भरील का?"

"भरतो की."

"मंग बरा हाय," असं म्हणून तिनं त्याला पास केलं.

संध्याकाळी चहा झाला की आमचं वाचन सुरू व्हायचं. बाबा खाटेवर उशीला टेकून, आई तांदूळ निवडत, लेक बाबांच्या पायाशी. पहिल्याच दिवशी बाबांच्या तोंडाची डावी बाजू हसली. आठवड्याभरात हूं खणखणीत यायला लागला. यंत्रमानवाच्या भाकरीला पुस्तकातल्या आजीनं नावं ठेवली तेव्हा आई खूश झाली, म्हणाली, "बघा, यंत्राला कुठं जमतंय!" बाबांनी त्यावर इतका लांब हूं दिला, की आईनं तांदळाचं ताट खाली ठेवलं. घरात पुन्हा थट्टा सुरू झाली होती. शब्द मात्र येत नव्हता, आणि चौथा महिना लागला होता.

मग माझ्या हातून चूक झाली. कचेरीत कामाचा रेटा वाढला, जीपमध्ये मला झोप लागायची, आणि शेवटची वीस पानं आधी वाचायची राहून गेली. एवढं हसरं पुस्तक, शेवटी काय वाईट होणार, असं म्हणून मी बेधडक वाचायला बसले.

शेवटच्या प्रकरणात चंद्रावरची वीज जाते. कुटुंबाला परत आणणारं यान सुरू होईना. यंत्रमानव आपल्या छातीतली सगळी वीज यानाला देतो. मी वाचत होते आणि डोळे तीन ओळी पुढे गेले. तो कायमचा बंद पडणार होता. बाळाकडे बघत उभ्याउभ्या.

मी बाबांकडे पाहिलं नाही. आवाज तसाच ठेवून मनानंच सांगू लागले. तेवढ्यात आजीला फडताळात एक जादा बॅटरी सापडली, मग यंत्रमानव उठून बसला, मग तो सगळ्यांबरोबर पृथ्वीवर आला, मग त्यानं गावजेवणाच्या भाकऱ्या भाजल्या. सांगता सांगता मला जाणवलं, की हूं येत नाहीये.

वाटलं, दुसरा झटका! मान वर केली तर बाबा टक्क जागे होते आणि थेट माझ्याकडे बघत होते. डावा हात सावकाश उचलून त्यांनी पुस्तकावर बोट टेकवलं.

"ख..." ते म्हणाले.

आई पुढे झाली. "खोकला येतोय? खाली सरकायचंय?" मी तिचा हात घट्ट धरला. ती गप्प बसली, बहुधा जन्मात पहिल्यांदा. बाबांच्या कपाळाची शीर फुगली. ओठ वाकडे झाले, पुन्हा सरळ झाले.

"खोटं," बाबा म्हणाले.

चार महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो माझ्यावरचा आरोप! लेक हळूच म्हणाली, "आई, तू मघापासून पानच उलटलं नाहीस." मला हसू की रडू कळेना, म्हणून मी सोडलेल्या ओळीवर परत आले आणि होतं तसं वाचलं. बाबा रडले. आईनं पदर डोळ्यांना लावला. पण वाक्यावाक्याला हूं येत राहिला, रडत रडत, एकही न चुकता. मी इतके दिवस त्यांना कशापासून वाचवत होते, तेच मला समजेना.

पुढे आठवडाभर त्यांच्याकडे तो एकच शब्द होता आणि त्यांनी तो हात राखून वापरला नाही. आईनं बिनसाखरेचा चहा गोड म्हणून दिला, खोटं. शेजारचे म्हणाले, दिवाळीला गाडी चालवाल, खोटं.

शनिवारी मी घरी आले, पर्स खुंटीला लावली. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून नेहमीसारखं म्हटलं, "नाही हो बाबा, दमले नाही मी."

"खोटं," ते म्हणाले. अगदी हळू.

मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा रडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला रडू दिलं.