हळदकुंकवाची क्लीनरूम

कल्याणच्या आमच्या कॉलेजात सेमीकंडक्टरचा नवा कोर्स निघाला, तेव्हा कम्प्युटरची हातात आलेली सीट सोडून मी तो घेतला. चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रत्यक्ष मशीनवर काम करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या मजल्यावर काचेच्या भिंतींची क्लीनरूम बांधून होत होती. धुळीचा एक कण चिपची वाट लावतो, म्हणून आत जायचं तर नखशिखांत पांढरा सूट. आमचे विभागप्रमुख सर पॅसेजमध्ये उभं करून सराव घ्यायचे. आधी टोपी, मग मास्क, मग हूड, सूट, बूट, शेवटी हातमोजे. पावडर, अत्तर, काजळ बंद. डोंबिवलीच्या उकाड्यात मी तो उन्हाळा पावडरीशिवाय काढला, आणि तोही हौसेने.

उद्घाटन दसऱ्याला ठरलं. संस्थेचे अध्यक्ष लवाजमा घेऊन आले. नारळ दाराबाहेर फुटेल असं मला वाटलं होतं. तो आत फुटला. मशीनला झेंडूचे हार पडले, उदबत्त्यांचा जुडगा पेटला, आणि ज्या तबकडीवर सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, फिरवायची, तिच्यावर अध्यक्षांनी हळदकुंकवाची बोटं उमटवली. पेढेही तिथेच वाटले. सूट एकाच्याही अंगावर नव्हता.

मला पूजेचं वावडं नाही. बाबांच्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात खंडेनवमीला लेथची पूजा मीच करते. पण लेथ धूळ खातच चालतो.

"सर, आत उदबत्ती..." मी हळूच म्हटलं.

"अगं, एक दिवस गं! पूजेला कुणी नाही म्हणतं का?"

आमच्या काजळावर डोळे वटारणारे हेच ते सर!

पुढे मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. छतातले हवा गाळणारे फिल्टर धुराने भरलेले बघून त्याने कपाळाला हात लावला. सगळे बदलावे लागतील म्हणाला. फिल्टर काही आले नाहीत. सरांनी खोलीला कुलूप ठोकलं. कारण काय, तर आत घाण जाऊ नये! अक्षरशः शिसारी आली मला.

कुलूप निघायचं ते पाहुणे आले की. तपासणीवाले, पालक, कुणीही. मग आम्ही सूट चढवून बंद मशीनसमोर माना खाली घालून उभ्या. सर काचेबाहेरून खुणा करायचे, जरा हात हलवा, काम चाललंय असं दिसू दे. पाहुणे खूश होऊन फोटो काढायचे. हूडच्या आत मी घामाने भिजत असायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत असायचे.

शेवटच्या वर्षी गुजरातेतल्या एका चिप कारखान्याची मुलाखत आली. याच दिवसासाठी मी सगळं केलं होतं. सूट घालायचा क्रम मी घडाघडा सांगितला. समोरचे गृहस्थ खूश झाले.

"छान. आता सांगा, वेफर कितीदा हाताळलाय?"

"एकदाही नाही."

"मग सूट घालून आत करायचात काय?"

"उभ्या राहायचो, सर. फोटोसाठी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नोकरी गेली, हे मला तिथेच कळलं.

यंदा कॉलेजच्या प्रवेशाचा फलक स्टेशनबाहेर लागलाय. त्यावर सूटमधली जी मुलगी आहे, ती मी. नुसते डोळे दिसतात, तरी आईने बरोबर ओळखलं. फलकासमोरून तिने मला हलूच दिलं नाही.

"बघ ना," ती म्हणाली, "किती मन लावून काम करतेयस!"