गाव दाखवणाऱ्या तुंगक्का

धारवाडला आमच्या माळमड्डीत नवी सून आली, की पंधरा दिवसांच्या आत तुंगक्का काळी छत्री घेऊन दारात उभ्या राहत आणि शेजारून पळी मागून न्यावी तशी सून मागून नेत. "गाव दाखवून आणते," एवढंच सांगत. एरवी सुनेला अंगणातही रेंगाळू न देणाऱ्या सासवा त्यांना नाही म्हणत नसत. निम्म्या सासवांना हे गाव त्यांनीच दाखवलेलं होतं.

मी वाईहून आले ती सतराव्या वर्षी. घरात मराठी चाले, पण दारात कुणी आलं की सासूबाई कन्नडात सुरू होत आणि मी खांबाला टेकून ऐकत राही. सगळं गाव माझ्याविषयीच बोलतंय असं मला वाटे. दहाव्या दिवशी मी वडिलांना कार्ड लिहिलं : 'मला न्यायला या. परत पाठवू नका.' टपालपेटीपर्यंत एकटीनं जाण्याची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या तुंगक्कांच्या हाती दिलं. तोवर माझी त्यांची नुसती तोंडओळख होती. त्यांनी ते तिथंच उभ्या राहून पुरतं वाचलं. आता ह्या जाऊन सासूबाईंना दाखवणार, असं मला वाटलं. पण त्या मला घेऊन पेटीपाशी गेल्या आणि माझ्यादेखत त्यांनी कार्ड आत टाकलं.

"तुझे अप्पा यायला आठ दिवस तरी लागतील," त्या म्हणाल्या. "तोवर गाव बघून घे की. माहेरी जाऊन सांगायला काहीतरी पाहिजे नव्हं?"

पहिल्या दिवशी लाइन बाजार. तिथं उत्तरेकडून आलेले हलवाई खवा परतत होते. "आधी नाकानं बघ," तुंगक्का म्हणाल्या, "डोळे कुठं पळून जात नाहीत." दुसऱ्या दिवशी टांग्यानं सोमेश्वराला नेलं. शाल्मला नदी तिथं उगम पावते. मी कृष्णाकाठची, ती एवढीशी धार बघून मला हसू आलं. "तुमची कृष्णा काय जन्मली तेव्हाच घाटाएवढी होती?" असं म्हणून त्यांनी माझं हसू जागच्या जागी मिटवलं. वाटेत त्यांनी माझ्याकडून एकच कन्नड वाक्य घोकून घेतलं : 'माळमड्डीगे हेंग होगबेकु?' माळमड्डीला कसं जायचं? तेवढंच का, ते मला चौथ्या दिवशी कळलं.

त्या दिवशी मंगळवार पेठेत म्हाताऱ्या अमीनाबी माझ्या हातात बांगड्या भरत होत्या. वळून बघते तर तुंगक्का नाहीत. अमीनाबींना हसू आवरेना. "वो तो गये. अब पूछको जाव, बेटी." हे नेहमीचंच होतं तर! रडत रडतच मी रस्त्यावर आले आणि दिसेल त्याला ते वाक्य म्हणत सुटले. एक विणकरीण हातातलं सूत ठेवून कोपऱ्यापर्यंत आली. पेरूवाल्या आजीनं मी कुणाची सून हे खोदखोदून विचारलं आणि दोन पेरू पदरात टाकले. मिशनच्या शाळेतल्या एका बाईंनी रेल्वेच्या रुळांपर्यंत आपल्या छत्रीतून आणलं. दोन तासांनी घरी पोचले, तर तुंगक्का आमच्याच पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या.

"मी हरवले असते तर?"

"हरवतेस कुठं? सगळीकडं माणसंच आहेत की."

सासूबाई आतून कुरकुरल्या, "कुणाकुणाला शिवून आली असेल ही!" तुंगक्कांनी मान वर केली नाही. "सोवळं दोरीवर वाळतंय, अक्का. आत येऊन नेसेल." मी पायरीवर बसून एक पेरू खाल्ला. त्या गावात आल्यापासून मी चवीनं खाल्लेली ती पहिली वस्तू.

वडील आले. माझी ट्रंक भरलेलीच होती. तुंगक्कांनी त्यांना दारातच गाठलं. "आलाच आहात तर गाव बघून जावा. माझे गुडघे धरलेत. लेक दाखवेल."

मी दाखवलं. वडिलांना बोलायला उसंत दिली नाही. अमीनाबींना मोडक्या कन्नडात सांगितलं, "नम्म अप्पा," आमचे अप्पा. सोमेश्वराला आल्यावर म्हटलं, "ही आमची शाल्मला." वडिलांनी खिशातून कार्ड काढलं.

"हे तूच लिहिलंस ना?"

"मीच. पण तेव्हा गाव बघितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते आईसाठी पेढे घेऊन एकटेच परत गेले. तुंगक्कांना मी ते सांगितलं, तेव्हा त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

पुढं बारा-तेरा वर्षं त्या सुना मागून नेत राहिल्या. गुडघे खरोखरच गेले तेव्हा छत्री माझ्या हाती आली. त्या महिन्याभराच्याच सोबती आहेत हे आम्हां दोघींनाही कळलेलं होतं, तेव्हा एका दुपारी त्यांच्या पायांना तेल लावताना मी विचारलं, "अक्का, वाचूनसुद्धा तुम्ही कार्ड टाकलंत कसं?"

"मीपण लिहिलेलं होतं, बाळ. मिरजेला, आईला. सासऱ्यांच्या हाती दिलं. सात वर्षांनी त्यांच्या पेटीत सापडलं."

त्या हसल्या. "अगं, तोवर गाव मला आवडून गेलेलं होतं. पण मी आवडलं म्हणून राहिले की अडकले म्हणून, ते काही मला कधी कळलं नाही. तुला तरी कळावं म्हटलं."