कण्हेरीचं तोरण

माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचे पणजोबा म्हणे घोडदळात होते. सगळ्यांचेच असतात. पण बाकीचे लोक ते सांगून गप्प बसतात. आमच्या गृहस्थांनी टेक्सासला आल्यावर खरोखर घोडा घेतला. शुगर लँडमध्ये तेव्हा आमच्या ओळखीची बाकी मराठी मंडळी घरं घेत होती, मुलांना पियानोला घालत होती. आम्ही एका सहकाऱ्याकडून उतारवयाचा तांबडा घोडा घेतला, मग त्याला न्यायला ट्रेलर, मग ट्रेलर ओढायला पिकअप. शनिवार-रविवार घोड्यासकट कॅम्पिंग. तिथे घोड्यांसाठी वेगळी कॅम्पग्राउंड्स असतात. तंबूच्या शेजारीच लोखंडी नळ्यांचं कुंपण घातलेला चौक, त्यात घोडा बांधायचा, पाण्याची टाकी भरायची आणि रात्रभर त्याचं फुरफुरणं ऐकत झोपायचं. मला त्यातलं काही म्हणजे काही आवडत नसे.

त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. खेड्यात आयुष्य गेलेली बाई. इथे गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही, दुपारभर खिडकीशी बसून रिकामा रस्ता बघायच्या. त्या बाईला अमेरिकेत एकच सोबती मिळाला, तो म्हणजे हा घोडा. कॅम्पवर त्या त्याच्या चौकाजवळ खुर्ची टाकून बसत आणि गावाकडचं काय काय सांगत. तोही मान बाहेर काढून ऐकत असे. माझ्याशी त्या इतक्या कधी बोलल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागही यायचा.

दसरा शनिवारी आला. आमच्याकडे दसऱ्याला गाडीला हार घालतात, मग घोड्याने काय घोडं मारलंय, असं नवऱ्याचं म्हणणं. त्याच्या चौकाला तोरण बांधायचं ठरलं. झेंडूची फुलं नर्सरीत मिळाली. आंब्याची पानं कुठून आणणार? आमच्या कॉलनीच्या भिंतीला लागून कण्हेरीची रांग होती, लांबट हिरवीगार पानं. नवरा म्हणाला, "आई, ही चालतील. लांबून आंब्याचीच वाटतात."

"चालतील की. कण्हेर देवाला चालते," सासूबाई म्हणाल्या.

मी विचारलं, "पण घोड्याने खाल्ली तर?"

"ओली आहेत तोवर तोंड लावणार नाही, कडू जहर असतात. आमच्याकडे शेताला कुंपण कण्हेरीचंच घालतात. पण सुकली की जनावराला कळत नाही." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "संध्याकाळच्या आत उतरव हो ते. विसरू नकोस."

"हो गं आई, काढतो."

शनिवारी सकाळी कॅम्पवर त्याने स्वतः चौकाच्या फाटकावरच्या कमानीला तारेने तोरण बांधलं, चांगलं उंच, आम्हा दोघींचा हात पोचणार नाही असं. सासूबाई विधवा, म्हणून घोड्याला मी ओवाळलं. कुंकू लावताना त्याने माझा हात हुंगला. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. शेजारच्या तंबूंतले लोक कॅमेरे घेऊन आले. हॅटवाल्या म्हाताऱ्यांसमोर आमच्या गृहस्थांचं घोडदळ दिवसभर दौडत होतं. ऊन कडक होतं. संध्याकाळी सासूबाईंनी पुन्हा आठवण करून दिली. "काढतो, काढतो," तो म्हणाला. "लोक अजून फोटो काढतायत."

सकाळी घोडा मान खाली घालून उभा होता. अंगाला घामाची धार, पाय लटलट कापत होते. चौकात झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि तार एका टोकाने लोंबत होती. शेजारच्या तंबूतल्या माणसाने कॅम्पच्या ऑफिसातून फोन करून जनावरांचा डॉक्टर बोलावला. डॉक्टरने बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं, मग खाली वाकून अर्धवट चावलेलं एक पान उचललं.

"ओलिअँडर," तो म्हणाला, म्हणजे कण्हेर. "हाऊ मच डिड ही ईट?"

त्याने इंजेक्शनं दिली, पण हृदय आता धड चालत नाहीये, असं तो म्हणाला. दुपारी घोडा आडवा झाला तो उठलाच नाही. सासूबाई त्याच्या डोक्याशी मातीत बसल्या होत्या. तिथे पुरायची परवानगी नव्हती. संध्याकाळी एक ट्रक आला आणि मागच्या पायांना साखळी लावून त्याला वर ओढलं. सासूबाईंनी अंगावरची शाल त्याच्यावर टाकली. ट्रकवाल्याने ती काढून परत दिली.

परतताना आम्ही तिघं पिकअपच्या एकाच सीटवर, सासूबाई मध्ये. रिकामा ट्रेलर मागे खडखडत होता. नवरा म्हणाला, "आई, तुझ्या त्या पानांनी मारलं त्याला. तू चालतील म्हणालीस."

मी तोंड उघडलं. शालीखालून सासूबाईंनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. घर येईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. दिवाळीआधीच तिकीट बदलून त्या परत गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. विमानतळावर मी विचारलं, का गप्प बसलात? "त्याचा घोडा गेलाय गं," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो.

दोन वर्षांनी त्या वारल्या. त्याच वर्षीच्या दसऱ्याला आमच्याकडे जेवायला लोक होते, आणि श्रीखंड वाढता वाढता नवऱ्याने ती हकीकत पुन्हा सांगितली. आमच्या आईला कसं कळलं नाही, बिचारीने कशी कण्हेर आणली. लोक हळहळले. पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते, तो पुसत होता. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "त्यांनी दोनदा सांगितलं होतं तुला, उतरव म्हणून."

त्याने हातातलं पातेलं पुसून कपाटात ठेवलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "गाडीत बोललो तेव्हाही माहीत होतं."