वर्गाचं मत आणि बाबांचा शब्द

आत्ताच घरी आलेय. काय करावं सुचत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

वर्गाने मला प्रतिनिधी निवडलंय. उद्या आम्ही सगळे वर्गप्रतिनिधी मिळून कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाचा सरचिटणीस निवडणार. उमेदवार दोन. वर्गात हात वर करून ठरलं, मत त्यांतल्या अनघाला. प्रॅक्टिकल संपेपर्यंत आमची मुळगावची बस निघून जाते. तो विषय प्राचार्यांकडे न्यायला फक्त तीच तयार झाली.

म्हापशाच्या कॉलेजातून घरी पोचले, तर दुसरा उमेदवार त्याच्या काकांना घेऊन दारातल्या सोप्यावर चहा पीत बसलेला. बाबा त्याच काकांच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "बाय, हांवें तांकां उतर दिलां. तुजें मत तांकांच." उतर म्हणजे शब्द, काकांना दिलेला.

"बाबा, तें मत म्हजें न्हय, वर्गाचें."

बाबांनी ट्रकची चावी खुंटीवरून काढली, जरा वेळ हातात धरली आणि परत तिथेच लावली.

मतदान गुप्त असतं, ठाऊक आहे. पण मतदार मोजकेच, कुणी कुणाला दिलं ते लगेच कळतं.

उद्या बसमध्ये मैत्रिणींच्या नजरेला नजर देता येणार नाही, नाहीतर घरी बाबांच्या. तुम्ही असता तर कुणाची नजर चुकवली असती?