पूर्वीच्या खोलीचं छत

विद्याधर केणींनी लेक पूर्वी हिच्या बाळंतपणासाठी खोली रंगवायला काढली, ते २००१ साल. त्यांची बायको प्रेमलता जाऊन बराच काळ झाला होता. तरी पूर्वीचं पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, यावर ते अडून होते. शेजारणीकडून डिंकाचे लाडूसुद्धा शिकून घेतले त्यांनी.

आचोळ्यातला त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. गच्चीतली ओल झिरपून पूर्वीच्या खोलीच्या छताला तडे गेलेले. गच्ची आधी नीट करून घेतली, मग भुईगावच्या ॲन्सेल्म रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं थापीच्या मुठीनं छत ठोकून पाहिलं.

"काका, प्लास्टर सुटलंय. नुसता रंग मारून भागणार नाही."

"सुटलेलं सगळं पाड. खाली बाळ झोपणार आहे."

पोकळ प्लास्टर उतरवलं. तडे छिन्नीनं रुंद केले, पाणी मारून सिमेंटनं बुजवले. ते सुकेपर्यंत विद्याधर रोज स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघायचे.

पुट्टीचा पहिला हात चालू असताना जावयाचा, तेजसचा, नाशिकहून फोन आला. पोटातली हालचाल थांबली होती. विद्याधर आहे त्या कपड्यांवर निघाले. पोचले तेव्हा सगळं संपलेलं. मुलगी होती. स्मशानापर्यंत ते एवढंसं गाठोडं त्यांनीच छातीशी धरून नेलं.

पूर्वीला ते घरी घेऊन आले. शेजारणीकडून कळल्यावर ॲन्सेल्मनं काम थांबवलं होतं. करड्या-पांढऱ्या ठिगळांच्या त्या छताखाली पूर्वी दिवसभर पडून राहायची. विद्याधर ताट आणायचे, तसंच परत न्यायचे.

एका सकाळी तिनं विचारलं, "बाबा, हे असंच ठेवणार?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"वर बघितलं की तेच आठवतं. त्या रंगाऱ्यांना बोलवा ना."

ॲन्सेल्म आला. बाळासाठी म्हणून पिवळ्या रंगाचा डबा आणलेला होता, तो त्यानं न विचारताच बाहेर ठेवला आणि पांढरा कालवला. पॉलिश पेपरनं छत घासताना भुकटी खाली पडत होती. पूर्वी दारात बसून बघत राहिली, आणि अचानक मोठ्यानं रडू लागली. नाशिक सोडल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. ॲन्सेल्मनं हात थांबवला. विद्याधर तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिच्या केसांतली भुकटी झटकत राहिले.

"बाबा, तिला तुम्ही पाहिलंत ना? मला दाखवलंच नाही कुणी."

"पाहिलं," ते म्हणाले. "नाक तुझ्या आईसारखं होतं."

महिन्याभरानं तेजस तिला न्यायला आला. ती गेल्यावर विद्याधरांनी बाळंतपणासाठी करून ठेवलेल्या लाडवांचा डबा शेजारी देऊन टाकला आणि तिच्या खोलीत न जाता दुपारभर हॉलमध्येच बसून राहिले.