चौघांचा डाव

आण्णांना पॅरालिसिसचा अटॅक आला त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा मंचरच्या फिजिओथेरपीवाल्या बाई मला म्हणाल्या, "नुसते व्यायाम नकोत. त्यांना काहीतरी खेळायला द्या. पत्ते वगैरे. डोकं चालेल, डावा हात चालेल, चार माणसांत बसणं होईल."

आण्णा म्हणजे माझे वडील. उजवा हात, उजवा पाय गेलेला आणि वाचाही गेलेली. समजत सगळं होतं, बोलता येत नव्हतं. काही सांगायचं असलं की "ता... ता..." एवढाच आवाज निघायचा आणि त्याचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे होतं. पाणी, पाठ खाजवणं, पंखा बंद करणं, सगळं त्या एका "ता"मध्ये.

मी बाईंना हो म्हटलं. कुणी काहीही सांगितलं की हो म्हणायची मला तोवर सवयच लागली होती. मनात एवढंच आलं, झालं, आता हेही आलं.

मी शिनोलीत आईवडिलांकडेच राहते. लग्न मोडून बरीच वर्षं झाली, त्यात आता सांगण्यासारखं काही नाही. घोडेगावात औषधांच्या दुकानात काउंटरला असते. सकाळी आण्णांना उठवायचं, त्यांचं सगळं आवरायचं, पायाचे व्यायाम करून घ्यायचे, मग मिळेल ती जीप पकडून घोडेगाव गाठायचं आणि संध्याकाळपर्यंत उभं राहायचं. घरी आल्यावर पुन्हा तेच. आईचे गुडघे गेलेले, तिला त्यांना उचलणं जमत नाही. सुट्टीचा वार एकच, रविवार. तो आता पत्त्यांना द्यायचा होता.

खरं तर आण्णांना पत्ते कुणी शिकवायला नको होते. आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजात त्यांनी उभी हयात मेस्त्री म्हणून काढली. स्पेअर पार्ट येईपर्यंत ड्रायव्हर अडकून पडायचे, मग टायरवर फळी टाकून डाव सुरू व्हायचा. घरीही तेच. रविवारी विहारात वंदना झाली की त्यांचे तीन दोस्त आमच्या ओट्यावर हजर. मेंढीकोट. दुसरा डाव ते खेळायचेच नाहीत. रमीला ते "एकट्याचा खेळ" म्हणायचे.

आईला पत्ते अजिबात आवडायचे नाहीत. तिला त्यात जुगार वगैरे दिसायचा असं नव्हे. तिचा राग चहाचा होता. "डाव मांडला की उठत न्हाईत मेले, अन् दर घडीला च्या," असं ती म्हणायची. माझ्या लहानपणी एकदा तिनं सगळा कॅट चुलीत घातला होता. आण्णांनी दुसऱ्या दिवशी नवा आणला. तिनं स्वतः आयुष्यात पान हातात धरलं नव्हतं.

ते तिघे दोस्तही आता राहिले नव्हते. दोघे वारले, एक मुलाकडे पिंपरीला गेला. म्हणजे खेळायला घरचीच माणसं. माझा धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. तो, वहिनी आणि त्यांची शाळकरी मुलगी महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "येतो की. तू ठरव कुठला डाव ते. तुलाच माहीत त्यांना काय झेपतं."

तू ठरव. हे दोन शब्द मी त्या वर्षात किती वेळा ऐकले असतील. गोळी बदलायची का, तू ठरव. वॉटरबेड घ्यायचा का, तू ठरव. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरमागे उभ्या उभ्या मोबाईलवर शोधायचे, कुटुंबासोबत खेळायचे पत्त्यांचे डाव. तिथं सगळी हसरी माणसं गोल टेबलाभोवती बसलेली असायची. सगळ्यांचे दोन्ही हात चालत होते.

पहिल्या रविवारी मी रमी लावली. आण्णा एकट्याचा खेळ म्हणायचे, पण सगळ्यांना येणारा डाव तोच होता. तेरा पानं एका डाव्या हातात धरायची आणि त्याच हातानं उचलायची, टाकायची, हे होणारच नव्हतं. माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पानं सारखी मांडीवर सांडत होती आणि भाची ती गोळा करून देत होती. पुढच्या वेळी भावानं कंपनीतल्या लाकडी पॅलेटची एक पट्टी आणली. तिला लांबीत करवतीनं खाच पाडली होती. खाचेत पानं उभी राहिली. आण्णांनी पट्टीवरून बोट फिरवलं, खाच सरळ आहे का बघितलं आणि मान डोलावली. मेस्त्रीच ते. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

पण डाव काही सापडेना. भाची तिच्या मैत्रिणींमध्ये खेळतात ते रंगीत आकड्यांचे पत्ते घेऊन आली. त्यात हातात शेवटचं पान राहिलं की ओरडून सांगावं लागतं, नाहीतर दंड. आण्णांचं शेवटचं पान राहिलं, ते "ता" म्हणाले आणि भाचीला बिचारीला दंड लावावा की नाही ते कळेना. चॅलेंज घेतला तर त्यात तोंडानं खोटं बोलायचं असतं. तीनशेचारला बोली लावावी लागते. मी एकेक डाव मनातून खोडत गेले. बोलायला लागेल तो नको. पानं पटापट टाकायची असतील तो नको. मग गुलामचोर घेतला, त्यात दुसऱ्याच्या हातातलं पान नुसतं ओढायचं. आण्णांनी एक पान ओढलं, माझ्याकडे बघितलं आणि पट्टी बाजूला सरकवली. त्यांच्या मते तो पोरांचा खेळ होता. तो होताच.

शेवटी बदाम सात जमला. बदामाची सत्ती मध्ये लावायची, मग आजूबाजूची पानं, दुसऱ्या रंगांच्या सत्त्या. लावता आलं तर लावायचं, नाही तर मान हलवायची. बोलायची गरज नाही, घाई नाही. दोन-तीन रविवार चांगले गेले. आण्णा डाव्या हातानं पान सरळ लावायचे, वाकडं पडलं तर पुन्हा नीट करायचे, आणि आम्ही थांबायचो. ते जिंकायला लागले. भाची टाळ्या वाजवायची. मी फिजिओथेरपीच्या बाईंना कौतुकानं सांगितलंही.

मग एका रविवारी डावात वहिनीची पाळी आली. ती खोडदची. सुट्टीत सगळी चुलत भावंडं मिळून दुपारभर पत्ते कुटत मोठी झालेली, आमच्यात सगळ्यात हुशार खेळणारी. तिच्याकडे इस्पिकची सत्ती होती. ती दाबून ठेवली असती तर आण्णांचा अख्खा इस्पिक अडला असता, आणि दुसरं लावण्यासारखं पान तिच्याकडे होतं. तिनं सत्ती लावली. नुसती लावली नाही, आण्णांकडे बघून हसली.

आण्णांनी त्या पानाकडे बघितलं. मग वहिनीकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ. मग डावा हात सतरंजीवरून फिरवून त्यांनी सगळी पानं उधळून दिली, पट्टी ढकलली आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी जेवलेही नाहीत. वहिनी स्वयंपाकघरात येऊन रडली. "ताई, मी मामांना बरं वाटावं म्हणून केलं हो."

"सगळ्यांनीच केलं," मी म्हटलं. खरंच होतं ते. भाऊसुद्धा अठ्ठ्या-छक्क्या मुद्दाम सोडत होता. मीही. कुणी कुणाशी बोललं नव्हतं, पण सगळ्यांचं ठरल्यासारखंच चाललं होतं.

त्यानंतर पत्ते कपाटावर गेले. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं झालं. रविवारी मी कपडे धुवायचे, आण्णांची दाढी करायचे. ते भिंतीकडे बघत पडायचे, मी बाहेर रस्त्यानं भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या बघत बसायचे. भावाचे फोन कमी झाले. बाईंनी विचारलं, पत्ते खेळता ना? मी हो म्हटलं.

पुढे एकदा भाऊ आणि वहिनी दोघंच आले, भाची क्लासमुळे आली नव्हती. जेवणं झाली, सगळे आपापल्या मोबाईलमध्ये. आण्णा पडून. आई भांडी लावून बाहेर आली आणि म्हणाली, "काढा ती पानं. मेंढीकोट खेळा."

भावानं मोबाईल खाली ठेवला.

"त्येंचा डाव त्योच हाय. तुमी भलतंच कायबी आनता, पोरांचं न् सोरांचं. मेंढीकोटात बोलावं लागतं व्हय? कट हुकूम खेळायचा. ज्याच्याकडं रंग न्हाई त्यानं टाकलेलं पान हुकूम. झालं."

"चार लागतात आई," भाऊ म्हणाला. "जोडीदार समोरासमोर. आण्णांचा जोडीदार कोण? ताई का?"

"ताई कशाला? मी हाय की."

"तुला येतं?"

"इतकी वर्सं च्या दिलाय मी त्या डावाला. न येयाला काय झालं?"

आण्णांनी मान वळवली होती. आम्ही त्यांना उशांना टेकवून बसवलं, पट्टी पुढे ठेवली. आई गुडघे सरळ करून त्यांच्या समोर बसली. भाऊ आणि वहिनी दुसरी जोडी. वहिनीनं पिसताना मला डोळ्यांनीच विचारलं, कसं खेळू? मी म्हटलं, "खरं खेळ."

आईला मेंढीकोट येत नव्हता. तिला त्याचे शब्द येत होते. पानं तिनं छातीशी इतकी घट्ट धरली होती की तिची तिलाच दिसत नव्हती. मेंढी म्हणजे दश्शी, ती आपल्या बाजूला ओढायची, त्यावरच हारजीत, हे तिला ठाऊक होतं. पण कधी टाकायची आणि कधी लपवायची ते ओट्यावर चहाचे कप ठेवून कळत नाही. वहिनीनं चौकटचा एक्का उतरवला. आण्णांनी तिर्री टाकली. भावानं नव्वी. आणि आईनं मोठ्या ऐटीत चौकटची दश्शी एक्क्यावर नेऊन ठेवली.

"आयच्या गावात!"

आवाज आण्णांचा होता. स्पष्ट, गॅरेजातला, वर्षापेक्षा जास्त काळ न ऐकलेला.

"दुर्री होती की तुमच्याकडे आत्या," वहिनी आईच्या हातात वाकून बघत पुटपुटली. पण आईचं लक्षच नव्हतं. ती आण्णांकडे बघत होती आणि हसत होती, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "बया! शिवी आली बघा! लई दिसांनी आली!" आण्णा लालबुंद झाले होते. डाव्या हातानं ते दश्शीकडे बोट दाखवत होते, पुन्हा पुन्हा, आणि पुन्हा "ता... ता..." वर आले होते. तो हात नीट सांगत होता की ही बाई जोडीदार म्हणून नको.

पुढच्या डावालाही तीच बसली.

मंचरच्या बाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं, शिव्या डोक्यात वेगळ्या जागी असतात, त्यावरून फार आशा धरू नका. आम्ही धरली नाही. आण्णांचं बोलणं परत आलं नाही. ती एक शिवी मात्र येते, आईनं मेंढी घालवली की, आणि आई अजून घालवते. भाऊ-वहिनी आता जवळजवळ दर रविवारी येतात, कारण दोघांशिवाय डाव होत नाही. हारजीत खरी होते. आण्णांवर कोट लागला, म्हणजे चारही मेंढ्या गेल्या, की ते तासभर कुणाकडे बघत नाहीत आणि जेवतात मात्र नीट.

मला सुरुवातीला जरा लागलं. इतके डाव शोधले मी, आणि ज्या डावात सगळे रमले त्यात माझ्यासाठी पाचवी जागाच नव्हती. पहिले एक-दोन रविवार मी बाजूला बसून राहिले, कुणाला पाणी हवंय का, आण्णांची उशी सरकली का, बघत. मग वहिनी म्हणाली, "ताई, इथं बसून काय करता? मामांचं मी बघते. जा, पडा आत."

मी आत जाऊन पडले. दार लोटलं नव्हतं. बाहेर आई म्हणत होती, "मला दिसलंच न्हाई वो ते पान," भाऊ हसत होता आणि पानं पिसल्याचा आवाज येत होता. मला वाटलं कुणीतरी हाक मारेल. जरा वेळ मी वाट बघितली. मग कुशीवर वळले, पाय पोटाशी घेतले आणि झोपले. उठले तेव्हा उन्हं उतरली होती, आण्णांची संध्याकाळची गोळी दिलेली होती आणि माझ्या अंगावर कुणीतरी चादर टाकलेली होती.